गिरमिट

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील बाविसावा नियम आमच्या विशेष आवडीचा आहे. इतर नियम वाचताना आपण कोणत्या ना कोणत्या अपराधाच्या उंबरठ्यावर उभे आहोत अशी जाणीव होत राहते. या एका नियमात मात्र मनुष्यस्वभावाशी थोडी तडजोड केलेली दिसते. हा नियम मादक पेयांविषयी आहे. सरकारी सेवक ज्या वेळी ज्या प्रदेशात असेल तेथील दारूविषयक कायदा त्याने काटेकोरपणे पाळावा. कामावर असताना अंमलाखाली असू नये. सार्वजनिक ठिकाणी प्राशन करू नये. झिंगलेल्या अवस्थेत तेथे दिसू नये. आणि अतिरेक करू नये, असे तो सांगतो. खाली स्पष्टीकरण जोडले आहे की, पैसे देऊन वा न देता जेथे लोकांना प्रवेश आहे अशी कोणतीही जागा, वाहनसुद्धा, सार्वजनिक समजावी. म्हणजे हॉटेल गेले, ढाबा गेला, आगगाडी गेली. केवळ सभासदांसाठी असलेला क्लब सार्वजनिक नव्हे असा खुलासा मागाहून झालेला आहे खरा. परंतु क्लबाचे सभासदत्व आणि कारकुनाचे वेतन यांची भेट झालेली आमच्या पाहण्यात नाही. ही सर्व वजाबाकी केल्यावर जी बाकी उरते ती एकच, आणि ती म्हणजे स्वतःचे घर.

आमचे घर सध्या जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये आहे. ‘सध्या’ हा शब्द बदलीवर असलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. उत्तर हिंदुस्थानात फिरलेल्या माणसाला बहुतेक मोठ्या गावांत एक सिविल लाइंस भेटते. छावणीपासून वेगळी, बाजारापासून दूर, रुंद रस्त्यांची आणि जुन्या झाडांची. गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांसाठी वसवलेल्या या वस्तीत आता कचेऱ्या आहेत, काही बंगले आहेत, आणि आवारांतून कशीबशी बसवलेली क्वार्टरे आहेत. त्यांपैकी एकाचा वरचा मजला आमच्या वाट्याला आला आहे. जबलपूर १८१७ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. तेव्हापासून मराठी माणूस या गावी येतो तो पुष्कळदा बदलीच्या हुकमाने, आणि येताना बरोबर एक-दोन बरण्या घेऊन येतो. या बरण्यांचा पुढे संबंध येणार आहे.

आमच्या या वरच्या मजल्यावर, उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी, कौलांतून दिवसभर उतरलेले ऊन संध्याकाळी भिंतींतून परत बाहेर येऊ लागले की आम्ही एक पेय करतो. त्याचे जगातले नाव गिमलेट. जिन आणि टिकवलेल्या लिंबाचा गोड रस यांचे बर्फाबरोबर घुसळलेले मिश्रण, एवढीच त्याची व्याख्या. गिमलेट हे इंग्रजीत भोक पाडण्याच्या एका लहानशा हत्याराचेही नाव आहे आणि तेच हत्यार आपल्या सुताराच्या पेटीत ‘गिरमिट’ होऊन बसले आहे. परक्या शब्दाला रंधा कसा मारावा हे आमच्या सुतारांकडून परिभाषा-समित्यांनी शिकावे असे आम्हाला फार दिवस वाटत आले आहे. आमच्या घरी या पेयाला गिरमिटच म्हणतात. जिन्यात कोणी भेटले असताना सौ. ने “आज गिरमिट काढायचे का?” असे विचारले, तर ऐकणाऱ्याला भिंतीत खुंटी ठोकायची असेल असे वाटते.

पेयाला हे नाव हत्याराच्या टोकदारपणावरून पडले, की इंग्रजी आरमारातील गिमलेट नावाच्या एका डॉक्टरावरून, याविषयी एकमत नाही. खलाशांच्या गळी लिंबाचा रस उतरावा म्हणून तो त्यात जिन मिसळून देई, अशी कथा आहे. कथा गोड आहे. पुरावा पातळ आहे. आरमाराशी असलेला लिंबाचा संबंध मात्र अगदी खरा. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. १७४७ साली ‘सॉल्सबरी’ या जहाजावर जेम्स लिंड नावाच्या शस्त्रवैद्याने बारा रोगी निवडले आणि दोघादोघांवर निरनिराळे उपाय केले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे मिळाली ते झपाट्याने सुधारले. हा निष्कर्ष कचेरीतून हुकूम होऊन बाहेर पडायला १७९५ साल उजाडले. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली, याचे आमच्या वाचकांना आश्चर्य वाटणार नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भूमध्य समुद्राकाठची मोठी लिंबे सोडून वेस्ट इंडीजमधल्या आपल्याच वसाहतींतली लहान लिंबे घेण्याचे ठरले. त्यांत गुण कमी होता. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या सफरीत तोच रोग पुन्हा उद्भवला. त्या खरेदीच्या टिपणीवर शेवटची सही कोणाची होती ते शोधून काढावे अशी आम्हाला अधूनमधून फार इच्छा होते.

लिंबाचा रस जहाजावर नासू नये म्हणून त्यात रम घालीत. स्कॉटलंडमधील लीथ बंदराच्या लॉक्लन रोझ या व्यापाऱ्याने १८६७ साली तो रस मद्यावाचून टिकवण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि त्याच साली व्यापारी जहाजांनाही खलाशांना लिंबाचा रस देणे कायद्याने भाग पडले. त्याचा धंदा किती वाढला असेल ते सांगायला नको. ज्या रसाची सारी कीर्ती मद्यावाचून टिकण्यावर उभी होती, त्याच रसात लोकांनी पुन्हा जिन ओतली, आणि गिमलेट झाले. तेव्हा ताजे लिंबू पिळून केलेल्या पेयाला आम्ही गिमलेट म्हणत नाही. ते चांगले असेल. पण घरापासून दूर नेमलेल्या माणसांनी, ताजे मिळत नाही म्हणून बाटलीत भरून बरोबर नेलेले जे आंबट, त्याचे हे पेय आहे.

२०२२ च्या एप्रिलात देशातल्या अनेक शहरांत लिंबू किलोला तीनशे रुपयांच्या वर गेल्याचे वाचकांना स्मरत असेल. जबलपुरातला भाजीवालाही त्या महिन्यात लिंबे मोजून देई आणि मोजताना आपल्याकडे न पाहता रस्त्याकडे पाही. विलायती पद्धतीच्या रसाची बाटली बाजारात मिळते, परंतु तिच्यातल्या साखरेपुढे लिंबू शरमेने गप्प बसलेले असते. अशा वेळी आमची दृष्टी स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली. टिकवलेले आंबट तेथे होतेच. ते राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरून कोकण रेल्वेने मुंबईस आणि तेथून इटारसीमार्गे जबलपुरास येऊन, दर पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या फळीवर चढत असे.

रातांबा हे फळ ज्यांनी झाडावर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. एप्रिल-मेमध्ये ते पिकते, तेव्हा त्याचा रंग जांभळ्याकडे झुकलेला गडद लाल असतो. फळ फोडून बिया आणि गर वेगळा करावयाचा, साल ठेवावयाची. या सालीतून तीन वेगवेगळी चिरंजीव माणसे जन्माला येतात. साली रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी पुटे चढवीत गेले म्हणजे आमसूल होते. साली आणि साखर यांचे थरावर थर देऊन बरणी उन्हात ठेवली म्हणजे काही दिवसांनी जो पाक सुटतो ते अमृतकोकम. आणि साखरेऐवजी मीठ घातले की सुटते ते आगळ. आगळ म्हणजे कोकमाचा कडक स्वभावाचा भाऊ. त्याला गोडाचा स्पर्श नाही; चमचाभर आगळ नारळाच्या दुधात पडले म्हणजे सोलकढी होते, आणि तसेच जिभेवर पडले तर मनुष्य एक डोळा मिटतो. बियांचेही तेल निघते आणि ते थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात, म्हणजे या फळातले वाया काही जात नाही. पाऊस लागण्यापूर्वी हे सारे उरकायचे असते. एक पाऊस पडला की उन्हाचे काम थांबते आणि बरणीला बुरशी धरते.

आमची रीत अशी. खोकल्याच्या औषधाबरोबर जे खुणा केलेले प्लास्टिकचे झाकण मिळते ते माप. जिन पंचेचाळीस मिलिलिटर, अमृतकोकमाचा पाक वीस, आगळ पाच. हे सर्व फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतून वर मूठभर बर्फ टाकावा, झाकण घट्ट लावून डबा फडक्यात गुंडाळावा आणि पंधरा-वीस वेळा जोराने हलवावा. डब्यावर दव धरले आणि बोटे बधिर झाली म्हणजे थांबावे. या हलवण्याने पेय केवळ गार होत नाही. बर्फ वितळून त्यात सुमारे चौथा हिस्सा पाणी मिसळते आणि ते पाणी या पेयाचा हक्काचा भाग आहे. नुसता फ्रिजमध्ये गार केलेला गिमलेट घशाला ओरबाडतो. मग चहाच्या गाळणीने, अर्थात चहाची नव्हे अशा वेगळ्या गाळणीने, लहान पेल्यात गाळावे. रंग पाहून पाहुणा प्रथम विचारतो की हे डाळिंब का? मे महिन्यात याच मिश्रणावर सोडा घालून मोठा पेला करण्याची मुभा आहे. जिरे घालू नये. जिरे घातले की ती सोलकढीची सावत्र बहीण होते आणि दोन्ही घरी तिला मान राहत नाही.

आगळाचे पाच मिलिलिटर हे सौ. चे संशोधन आहे. आम्ही प्रथम केवळ अमृतकोकम घालीत होतो, ती रसायनशास्त्राची पदवीधर असल्यामुळे एक घोट घेऊन म्हणाली, “अहो, यात मीठ हवे. मीठ कडवटपणा दाबते आणि आंबट पुढे आणते.” आगळात मीठ असतेच. शिवाय लिंबाचे आम्ल आणि कोकमाचे आम्ल सारखे नाही. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा वाटा मोठा असतो, असे तिने आम्हाला ऐकवले. आमच्या जिभेला त्याचा अर्थ एवढाच कळतो की लिंबू चटकन बोलून निघून जाते आणि कोकम बोलणे संपल्यावरही उंबऱ्यात उभे असते.

जिनविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तिचा वास ज्या फळाचा ते ज्युनिपर आपल्या वैद्यांना हपुषा या नावाने माहीत आहे. गोव्यात २०१८ साली निघालेल्या एका जिनला हेच नाव दिलेले आहे आणि तिच्यात हिमालयातली हपुषा वापरतात. आमच्या कपाटात मात्र साधी जिन असते. तिच्या चिठ्ठीवर ४२.८ टक्के हा चमत्कारिक आकडा आहे. बेचाळीस का नव्हे, त्रेचाळीस का नव्हे? तर जुन्या इंग्रजी मोजणीत ‘प्रूफ’ धरलेल्या कडकपणाहून पंचवीस अंश खाली उतरले की नेमके एवढे भरते. आणि ‘प्रूफ’ची मूळ परीक्षा अशी सांगतात की, बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवून पाहावी, पेटली तर मद्य खरे. मराठीने दोन्ही वस्तूंना ‘दारू’ हा एकच शब्द का ठेवला आहे, याचा यापेक्षा चांगला खुलासा आम्हाला मिळालेला नाही. आणि जबलपूर तर तोफगाड्यांचे गाव. १९०४ सालचा तोफगाडी कारखाना येथे, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना येथे, आणि गोळ्यांची परीक्षा होते त्या मैदानालाही ‘प्रूफ रेंज’च म्हणतात. वाऱ्याची दिशा असली तर आमच्या खिडकीच्या काचा मधूनमधून थरथरतात. (या प्रदेशाची स्वतःची दारू मोहाची. तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मंडला-दिंडोरीकडच्या माणसांचा, आमचा नाही.)

सौ. चे माहेर वर्ध्याचे आहे. गांधीजींच्या वास्तव्यामुळे त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे; गडचिरोलीत १९९३ पासून आहे; चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. बाकीच्या महाराष्ट्रातही १९४९ च्या कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, ही गोष्ट परवाना न काढणारेच अधिक जाणतात. जबलपुरात परवाना लागत नाही, परंतु शंभरएक किलोमीटरवरच्या मंडल्यात १ एप्रिल २०२५ पासून दुकानेच बंद आहेत. मध्य प्रदेश सरकारने त्या दिवशी एकोणीस धार्मिक गावांतील विक्री थांबवली. बाविसाव्या नियमातले ‘ज्या वेळी ज्या प्रदेशात असेल’ हे शब्द लिहिणाऱ्याने फिरती केलेली असली पाहिजे. आगळाची बाटली वर्ध्याहून इकडे येऊ शकते. जिनची बाटली इकडून वर्ध्याला जाऊ शकत नाही. सासऱ्यांना हा फरक समजावून सांगण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही.

येथपर्यंतचे लिहिणे सोपे होते. मराठी घरात दारूचा विषय इतक्या हलक्या हाताने फार वेळ चालवता येत नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि पुढच्या तीन-चार पिढ्यांतल्या मराठी माणसाने पहिला पेला उचलला तेव्हा त्याच्या खांद्यामागे सुधाकर येऊन उभा राहिला. पांढरपेशा मुलाने तो मूळ संहितेत वाचलेला असतो किंवा नसतो. आईच्या चेहऱ्यावर त्याने तो पाहिलेला असतो. आमच्या आईला तर नाटकाची गरज नव्हती. तिचे थोरले बंधू, आमचे मामा, लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कोणी मागे घेतला नाही आणि मामांची गिरणीही पुन्हा नीट सुरू झाली नाही. त्यापूर्वी मामा सणावारी घेत. त्यानंतर सण उरले नाहीत. आम्हाला ते अंधुक आठवतात, पाय सुजलेले आणि पोट पुढे आलेले. आम्हाला जवळ घेताना तोंड बाजूला करीत.

२०२३ च्या जूनमध्ये आई आली, तिने नव्या बाटल्या फळीवर मांडल्या आणि जुनी हातात घेऊन विचारले, “एवढे आगळ कशात रे गेले? दोघांची सोलकढी किती होते ते मला ठाऊक आहे.” सौ. ने आमच्याकडे पाहिले. आम्ही होते ते सांगितले.

आई काही बोलली नाही. तांदूळ निवडायला घेतले होते ते निवडून झाले. मग म्हणाली, “बाटली आण बघू.” बूच काढून तिने वास घेतला, पुन्हा घेतला. “धुपासारखा येतो,” असे म्हणून तिने बाटली खाली ठेवली आणि कितीतरी वेळाने म्हणाली, “दादाच्या दारूला वास यायचा. जिन्यात वास आला की वहिनी पोरांना घेऊन शेजारी जायची. याला तसा वासच नाही. मग घरातल्या माणसांनी ओळखायचे कशाने?”

या प्रश्नावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. लिंड, रोझ आणि बाविसावा नियम यांपैकी कोणीही तेथे उपयोगी पडण्यासारखे नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की बाटलीवर पेन्सिलीने खूण करून ठेवतो, म्हणजे किती गेली ते कोणालाही दिसेल. आई हसली. “वहिनी खुणाच करायची. तो पाणी घालून खुणेपर्यंत आणायचा.” मग तिने आपली अट सांगितली. “खूण नको. तुझ्या हाताने लिहीत जा. किती आणलीस, किती घेतलीस, किती उरली. मी आले की बघेन.”

तेव्हापासून आमच्या कपाटात एक वही आहे. दिनांक, आरंभीची शिल्लक, खर्च, अखेरची शिल्लक, सही असे रकाने आम्ही आखले. कचेरीत आम्ही हेच काम करतो. तेथे कोणाची छाती धडधडत नाही. घरातल्या वहीत पंचेचाळीसचा आकडा लिहिताना हात अंमळ जड होतो असा अनुभव आहे. सौ. घेते तेव्हा तिची सही वेगळी. आई सातवीपर्यंत शिकलेली. ती आल्यावर चहा झाला की चष्मा लावते, बाटली खिडकीच्या उजेडात धरते आणि ओळीवर बोट ठेवून वाचत जाते. आगळाचा रकानाही तिच्याच सूचनेने वाढला. दुसऱ्या वर्षी तपासणीत तिचे बोट एका पानावर थांबले. आम्हाला वाटले बेरीज चुकली. ती म्हणाली, “ऑक्टोबर सगळा कोरा कसा? बरे नव्हते का रे?” त्या महिन्यात आम्हाला खरोखरच डेंग्यू झाला होता आणि तिला काळजी नको म्हणून गावी कळवलेले नव्हते. त्यावरून आम्ही जे ऐकले ते जिनवरून कधी ऐकले नव्हते.

आईने आजवर पेयाला ओठ लावलेला नाही आणि लावणारही नाही. मात्र सौ. डबा हलवीत असली की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. एकदा तिने सांगितले की यंदाचे अमृतकोकम पातळ उतरले आहे, तेव्हा वीसाचे बावीस करा.

२०२५ साली मॉन्सून २५ मेलाच कोकणात उतरला. रातांबे उतरवायचे राहिले होते, फोडलेल्या साली अंगणात होत्या. नेहमीच्या चार बाटल्यांच्या जागी आईने त्या वर्षी एकच आणली, तीही साडीच्या घडीत गुंडाळून. वहीत आगळाच्या रकान्यात ती जमा कोणी करायची यावर थोडा वेळ गेला. शेवटी पेन तिनेच घेतले. तिच्या अक्षरात ती नोंद अशी आहे: ‘आगळ, बाटली १. सोलकढी आधी.’